गोव्यात पग सांभाळताना: दमट हवा, घोरणं आणि अकरा किलोंचा लाडू

मांडवीकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या दिवाळीनंतर पर्वरीत आलो. सोबत लाडू, साडेचार वर्षांचा पग. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकायचा, तरी कूलरसमोर पसरून हा मजेत असायचा. इथे पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे फारसा जात नाही आणि याची धाप मात्र दुपारपासून थांबत नाही. पुण्याहून आणलेला कूलर लावला तर उलट जास्तच अस्वस्थ होतो. संध्याकाळी सहाला मिरामारला नेला की गाडीतून उतरून वाळूपर्यंत पोचायच्या आत बसकण मारतो.

आणखी दोन गोष्टी. नाकावरच्या घडीत लालसर ओलं झालंय आणि वास येतोय. सासूबाई म्हणतात खोबरेल लाव. आणि रात्रीचं घोरणं आता शेजारच्या फ्लॅटपर्यंत जातं. पाहुणे हसतात, व्हिडिओ काढतात, मला मात्र हल्ली ते ऐकवत नाही. वजन अकरा किलो आहे (माहिती आहे, माहिती आहे). गोव्यात असे कुत्रे सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा, नेमकं काय बदलायचं?

वास्को_द_घामा

अकरा किलो! अहो, हा लाडू नाही, बुंदीचं अख्खं ताट आहे.

२००३ मध्ये हचची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे जाणारा पग, आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या घरी पग दिसायला लागला. खरा पग मे महिन्यात कुणाच्या मागे मागे एवढा चालला तर जाहिरात अर्ध्यातच संपेल. माझ्याकडे फ्रेंच बुलडॉग आहे, तोही चपट्या नाकाचा, म्हणजे आपण एकाच होडीत. सविस्तर नंतर लिहितो, आधी डॉक्टर येऊ देत.

गुरांचा_डॉक्टर

आलो. आयडी गुरांचा असला तरी डिचोलीत दवाखान्यात येणाऱ्यांत आता कुत्री-मांजरंही पुष्कळ असतात.

कूलरपासून सुरुवात करू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापेने थंड होतो: जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. पुण्याच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. गोव्यात हवेतच इतका ओलावा असतो की वाफ व्हायची गती मंदावते. कुत्रा तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त धापतो. कूलर त्या हवेत आणखी पाणी सोडतो. म्हणून इथे कूलर माळ्यावर टाका. एसी असेल तर २५-२६ वर ठेवा, ड्राय मोड असेल तर तो वापरा, कारण तुम्हाला थंडीइतकाच कोरडेपणा हवा आहे. नुसता पंखा सुक्या कुत्र्याला फारसा थंड करत नाही. पोट आणि पाय ओले करून पंख्याखाली बसवलात तर मात्र फरक पडतो.

आता पगची खास अडचण. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याच्या नाकाचं हाड आखूड केलं, पण आतला मऊ भाग त्या मानाने आखूड झाला नाही. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद. मऊ टाळू लांब, तो श्वासनळीच्या तोंडाशी लोंबतो. काहींची श्वासनळीच मुळात बारीक असते. अशा वाटेने हवा ओढायला जोर लावावा लागतो. त्या ओढीने आतला भाग सुजतो, वाट आणखी बारीक होते आणि पुढच्या श्वासाला आणखी जोर. म्हणजे धापण्याचं काम जिथे सगळ्यात जास्त, तिथेच धापण्याचं यंत्र सगळ्यात कमजोर.

म्हणून घोरण्याबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. पाहुण्यांना हसू द्या. मला हे कळवा: जागा असताना, शांत बसलेला असतानाही घुरघुर ऐकू येते का? झोपताना हनुवटी उशीवर किंवा पलंगाच्या कडेवर उंच टेकवून झोपतो का, किंवा बसल्या बसल्या डुलक्या घेतो का? खाल्ल्यावर पांढरा फेस किंवा अख्खे दाणे बाहेर येतात का? झोपेत श्वास थांबून दचकून उठतो का? यातलं एकही ‘हो’ असेल तर ती सवय नाही, आजार आहे.

केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ पासून एक तपासणी रूढ केली आहे: स्टेथोस्कोपने गळा ऐकायचा, कुत्र्याला तीन मिनिटं झपझप चालवायचं, पुन्हा ऐकायचं आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची (तीन म्हणजे सगळ्यात वाईट). तुमच्या डॉक्टरांना असंच करून बघायला सांगा. एसीत, सकाळी. मिरामारच्या वाळूत स्वतः करू नका.

आणि वजन. पगचं प्रमाण वजन साधारण ६.३ ते ८.१ किलो. लाडूच्या गळ्याभोवतीची आणि छातीवरची चरबी त्याच अरुंद वाटेवर बसलेली आहे. माझ्या मते औषधं, एसी, शस्त्रक्रिया या सगळ्याच्या आधी हे. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे त्याच्यासाठी शंभर-दोनशे ग्रॅम, याहून वेगाने उतरवू नका.

कवळ्याची काकू

मांडवीकाठची बाय, घाबरू नको. आमच्या घरी दोन पग म्हातारे होऊन गेले, तिसरी आहे. जुनं घर, कौलारू, खाली कोबा आणि पुढे बाल्कांव (बसायची ओसरी). दुपारी ती सोप्यावर चढतच नाही, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जमिनीला पोट लावून पसरते. तुमच्या फ्लॅटमध्ये टाइल असेल, त्याच्यावरचा गालिचा काढून टाक आधी. मऊ गादी देऊन आपण त्याला ऊब देतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खाण्याचं म्हणशील तर आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज आणि बिनकाट्याचा बांगडा. मसाला नाही, मीठ नाही. पण मोजून. घरातला प्रत्येक माणूस “एकच घास” देतो आणि घरात माणसं सहा, हे गणित मी सुनेला रोज सांगते.

आणि सासूबाईंचं खोबरेल काही वाईट नाही हं. आम्ही कायम लावलंय.

गुरांचा_डॉक्टर

काकू, गालिच्याबद्दल शंभर टक्के सहमत. खोबरेलाबद्दल भांडणार.

पायाच्या तळव्यांना भेगा पडल्या, लावा. नाकावरच्या घडीत नको. ती घडी म्हणजे दोन कातड्या एकमेकींवर दाबलेल्या, मध्ये अश्रू, लाळ, पेजेचा कण. वारा नाही. तिथे तेल घातलं की ओल आत कोंडते, आणि यीस्ट नावाच्या बुरशीला तेलकट दमट जागा फार आवडते. तो जो आंबूस वास मांडवीकाठची सांगतात, तो बहुधा तिचाच.

रोज एकदा बोटाने घडी उघडायची, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कापडाने पुसायची आणि मग *कोरड्या* कापडाने टिपायची. दुसरा भाग विसरलात तर पहिल्याने नुकसानच. लालसर ओलं आधीच असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे ओले वाइप्स मिळतात, पण डोळा अगदी शेजारी आहे, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. शेपटीचं वेटोळं घट्ट असेल तर त्याच्या खालची घडीसुद्धा बघा. तिकडे कुणी बघत नाही.

कवळ्याची काकू

आमच्या कुत्र्यांना काही झालं नाही बुवा. पण शेपटीखालचं खरंच कधी बघितलं नव्हतं. आता बघून आले. तेल बंद.

शुक्रवारचो_बाजार

म्हापशाहून. माझी शिह त्झू आहे, तीही चपट्या नाकाची, वर केस. सगळे उन्हाळ्याबद्दल लिहितायत, मला विचाराल तर खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पावसात फिरवून आणलं, वरवर पुसलं, झालं, असं चालत नाही. बोटांच्या मध्ये, कानाच्या आत, पोटाखाली मुळापर्यंत सुकवावं लागतं. ड्रायर गार हवेवर. मी पावसाळ्यात केस सरळ बारीक कापून घेतो. शोभा नंतर.

गोचीड इथे बारा महिने. अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीत, भिंतीच्या भेगांत बसतात, कुत्र्यावर फक्त जेवायला येतात. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, जागा पण साफ करावी लागते. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. महिन्याच्या गोळ्या चांगल्या चालतात, फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना सांगायचं. पगमध्ये मेंदूचा एक आजार असतो त्यात फिट येतात, असं मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पावसाआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि आपली ध्यानं नेमकं तेच पाणी पितात.

अवांतर: २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर केला, भटक्या कुत्र्यांचं लसीकरणही इथे जोरात होतं, म्हणून “आता घरच्या कुत्र्याला लस कशाला” असं म्हणणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत. कृपया तिसरे होऊ नका.

सुशेगाद

राग येईल, तरी लिहितो. तुम्ही सगळे एका बिघडवलेल्या यंत्राची देखभाल कशी करावी याची चर्चा करताय. मुळात हे कुत्रे घ्यायचेच का? २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा अभ्यास आला: वर्षभरात किमान एक आजार आढळण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या जवळपास १.९ पट. नेदरलँड्समध्ये कवटीच्या एक-तृतीयांशाहून आखूड नाक असलेल्या कुत्र्यांचं प्रजनन करता येत नाही. आपल्याकडे मात्र “जितका चपटा तितका महाग”. गोव्यात रस्त्यावर, निवाऱ्यांत हजारो गावठी कुत्री आहेत, लांब नाकाची, याच हवेत मुरलेली. ते आणा.

वास्को_द_घामा

बरोबर आहे हो, पण लाडू आता आलेला आहे. त्याला परत कारखान्यात पाठवायचा का?

गुरांचा_डॉक्टर

सुशेगाद यांच्याशी माझा वाद नाही. नवीन घेणाऱ्याला मीही हेच सांगतो, आणि तरीही घ्यायचाच असेल तर निदान उघड्या नाकपुड्यांचा, थोडं नाक बाहेर असलेला घ्या म्हणतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो फोन उचलायचा बंद होतो, त्याच्याकडून घेऊ नका. आई-बापांना चालताना बघा, त्यांचा श्वास ऐका. पिल्लं सगळीच गोड असतात.

पण हा धागा घरात असलेल्या कुत्र्याचा आहे, तिकडे येतो. उष्माघाताबद्दल अजून कुणी लिहिलं नाही आणि मे महिना समोर आहे.

गुदद्वारात घालायचा साधा डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. चाळिशीच्या वर गेलं आणि धाप थांबत नसेल तर धोका सुरू झाला. जीभ लालभडक किंवा जांभळी, लाळ चिकट आणि दाट, चालताना झोकांड्या, उलटी, जुलाब: इथे थर्मामीटरही शोधत बसू नका. सावलीत आणा, नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पोट, काखा, जांघा भिजवा आणि पंखा लावा. बर्फ आणायला माणूस पाठवून वाट बघू नका, जे पाणी हाताशी ते ओता. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होऊन उष्णता आत कोंडतो. पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. ३९.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवा. आधी थंड, मग गाडी, गाडीत एसी. तापाची माणसांची गोळी अजिबात नाही. हा ताप नव्हे, गोळीने उतरत नाही, वर यकृताला त्रास.

शुद्धीवर आला, पाणी प्यायला, तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची गडबड एक-दोन दिवसांनी दिसते.

मिरामारची वेळ बदला. संध्याकाळी सहाला डांबर आणि काँक्रीट दिवसभराची उष्णता परत देत असतं. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही नकोत. पहाटे दमटपणा कमी नसतो, पण हवा आणि जमीन दोन्ही गार असतात. आणि गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस घाला.

मांडवीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. जागेपणी घुरघुर: हो. पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून झोपणं: हो, आणि आमच्याकडे त्याचे फोटो फ्रेम करून लावलेत. डाव्या नाकपुडीतून हवा जवळजवळ जातच नाही. श्रेणी दोन सांगितली. आधी वजन, मग नाकपुड्या मोठ्या करण्याची आणि टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया, असं ठरतंय. मला भुलीची फार भीती वाटते. पगला भूल देतात ती उतरत नाही, असं सोसायटीतल्या एकांनी सांगितलं.

वास्को_द_घामा

आता सविस्तर. आमच्या फ्रेंचीची दोन्ही झाली, नाक आणि टाळू. भीती बिनबुडाची नाही, पण धोका भूल देताना जितका असतो त्याहून जास्त ती उतरताना असतो, कारण श्वासासाठी घशात घातलेली नळी काढल्यावर सुजलेला गळा मिटू शकतो. म्हणून डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. एक, नळी तो पूर्ण जागा होऊन चावायला लागेपर्यंत ठेवता का? दोन, त्या रात्री कुत्र्याजवळ माणूस असतो का? पहिल्या ठिकाणी आम्हाला उत्तर मिळालं, “संध्याकाळी घेऊन जा, आम्ही बंद करतो.” तिथून तसेच परत आलो. नंतर जिथे केलं तिथे एक मुलगी रात्रभर त्याच्या पिंजऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती.

पुढचे काही दिवस मऊ गोळे करून खाणं, भुंकू द्यायचं नाही (शेजाऱ्यांना बेल न वाजवायला सांगा), उन्हाळा असेल तर एसीतून बाहेर नाही. शक्यतो मे टाळा. नसबंदी बाकी असेल तर त्याच भुलीत उरकता येते का विचारा. आता आमचा झोपतो तेव्हा खोलीत आहे की नाही ते उठून बघावं लागतं.

आणि हो, नवीन नाक मिळालं म्हणून तो लॅब्रॅडोर होत नाही. दुपारी बारा ते चार आमच्याकडे अजूनही संचारबंदी.

कवळ्याची काकू

डोळ्यांचं राहिलं. यांचे डोळे बाहेर आलेले, खोबणी उथळ, तुळशीचं पान लागलं तरी ओरखडा जातो. आमच्या वाड्यावर एकांनी कुत्रा डोळा मिचकावतो म्हणून घरातले उरलेले, माणसाचे थेंब घातले. त्यात स्टेरॉइड होतं. आत जखम होती, ती खोल गेली आणि डोळा काढावा लागला. मिचकावणं, पाणी, पंजाने चोळणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट नाही. डॉक्टर एक रंगाचा थेंब घालतात, जखम हिरवी दिसते.

शुक्रवारचो_बाजार

आणि चवथ (गणेश चतुर्थी) येईल तेव्हा नेवऱ्या (करंज्या) जपून! सारणात खिसमिस असते, द्राक्ष आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष. पाहुणे हातात नेवरी घेऊन खाली वाकतात आणि आपण आरतीत. दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्रीचे डीजे आणि फटाके म्हणाल तर भीतीने धाप, धापेने उष्णता, हे चक्र चपट्या नाकात फार लवकर पूर्ण होतं. आतली खोली, एसी, दार बंद.

मांडवीकाठची

एक शेवटचं. मे मध्ये आठ दिवस पुण्याला जायचंय. विमान, ट्रेन की गाडी?

वास्को_द_घामा

विमानाच्या पोटातून अजिबात नाही, बऱ्याच कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे तिथे घेतही नाहीत, आणि बरोबर करतात. रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळाला तर ठीक. गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी विसरा. आम्ही गाडीनेच जातो. पहाटे निघून चोर्ला घाट ऊन चढायच्या आत पार करायचा. बेळगावच्या पुढे हवा कोरडी होते, त्याचा चेहराच बदलतो. निघण्याआधी पोटभर खायला घालू नका. आणि चहाला थांबलात तर एकाने गाडीत, एसी चालू ठेवून. “दोन मिनिटांत येतो” असं म्हणून काच खाली करून कुणीही जायचं नाही.

मांडवीकाठची

चोर्ला पक्का. जमिनीवरचा गालिचा गुंडाळला, कूलर ओएलएक्सवर टाकला, सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “काकूंनी ऐकलं ना, मग ठीक.” आता दर रविवारी वजन करायचं ठरलंय, पण हा काट्यावर उभाच राहत नाही. चारही पाय ठेवले की एक बाहेर काढतो.

गुरांचा_डॉक्टर

त्याला उभं करूच नका. काट्यावर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग त्याला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करा. दर वेळी तोच काटा, तीच वेळ, खाण्याआधी. इथे फक्त उत्तर लिहा, पहिला आकडा लिहायची सक्ती नाही.